माळ्यावरचे ३१ खंड

महोदय,

‘द फर्स्ट स्लॅम डंक’ हा जपानी अ‍ॅनिमेशनपट लावला तो बास्केटबॉलसाठी. शेवटच्या क्षणांत आवाजच नाहीसा झाला आणि शेजारी बसलेले बाबा पुटपुटले, ‘‘पुस्तकातही इथे पानंच्या पानं जवळजवळ मुकी आहेत.’’ नोकरीसाठी योकोहामात असताना चित्रपटामागची ‘स्लॅम डंक’ ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा (१९९०-९६), वाचून त्यांनी जपानी पक्की केली. कांजी या अवघड चिन्हांशेजारी उच्चार सांगणारी बारीक काना अक्षरं छापलेली असतात ना! माळ्यावरच्या खोक्यातले ते ३१ खंड मी आजवर रद्दीच समजत होतो. मूळ नायक साकुरागी. लेखक ताकेहिको इनोउए यांनीच दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात मात्र ओकिनावाचा बुटका मियागी पुढे येतो. बाबांना ते फारसं रुचलं नाही. मला तोच आवडला. आता रोज रात्री ते चार पानं वाचून दाखवतात, उजवीकडून डावीकडे.

— एक वाचक, ठाणे