आधी डोकी मोजा, मग हजेरीपट मागा

प्रति,
मा. कामगार मंत्री

महोदय,

नोंद नसलेले कामगार शोधायला गेलेली पथके पुष्कळदा 'दप्तर व्यवस्थित' असा शेरा मारून परततात. दप्तर व्यवस्थित असणारच, ते तपासणीसाठीच लिहिलेले असते.

पूर्वसूचना देणे आधी थांबवा. न कळवता, अगदी रात्रपाळीतही आत शिरण्याचा निरीक्षकाचा अधिकार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४७ च्या ८१ क्रमांकाच्या करारातच आहे. पथकातल्या एकाने मागच्या दाराशी थांबावे. आत गेल्यावर आधी डोकी मोजावीत, मगच हजेरीपट मागावा आणि शेवटच्या नावाखाली रेघ मारून वेळेसह सही करावी. नाहीतर निरीक्षक केबिनमध्ये बसेपर्यंत चार नावे वाढतात. मग मुकादमाच्या नजरेआड एकेकाला विचारावे: कधीपासून आहात, पाळी कोण लावतो, पगार रोख की खात्यात?

उत्तर ठरलेले असते, "आजच आलो." लॉकरवरचे नाव, झिजलेले सुरक्षा बूट, गेटवरची वही आणि पाळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप वेगळेच सांगतात. खरा उपाय मात्र एकच: काम सुरू होण्याआधी नोंद सक्तीची करा, फ्रान्समध्ये आहे तशी, आणि तीही ऑनलाइन. सात दिवसांची मुदत दिलीत, की सापडणारा प्रत्येक जण सहा दिवसांपूर्वी लागलेला निघतो!

त्याहून चिवट प्रकार कामगाराला कागदोपत्री 'स्वतंत्र व्यावसायिक' दाखवण्याचा. करारपत्रात काहीही लिहिलेले असो, प्रत्यक्षात काम कसे चालते तेच धरावे, असे त्याच संघटनेची २००६ ची १९८ क्रमांकाची शिफारस सांगते. कामाची वेळ कोण ठरवतो? हत्यारे कोणाची? बदली माणूस पाठवता येतो का? तोटा कोण सोसतो? शिवाय त्याची वर्षभराची बिले मागवा. क्रमांक सलग १ ते १२, रक्कम दरमहा तीच, ग्राहक एकच आणि बिलाचा नमुनाही ग्राहकानेच दिलेला, तर ते पगारपत्रकच समजावे.

तक्रार आली म्हणून फक्त तिथेच धाड घातली, तर मालक संध्याकाळपर्यंत तक्रारदार हुडकतो. त्याच दिवशी आजूबाजूच्या आणखी दोन-तीन ठिकाणी जावे.

निव्वळ भेटींच्या आकड्यावर पथकाचे काम मोजले, की पथक सोपी ठिकाणेच निवडते. किती जणांची नोंद झाली आणि सहा महिन्यांनी त्यातले किती कामावर आहेत, हे मोजा. दंड सरकारजमा होतो, कामगार घरी बसतो. म्हणून थकीत वेतन आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी पहिल्या दिवसापासून वसूल करण्याचा आदेश तपासणी अहवालासोबतच निघावा, एवढे पथकांना पाठवायच्या परिपत्रकात स्पष्ट लिहा.

आपले,
वेतन व हजेरीच्या नोंदी तपासणारे काही जण