गाठ कॅन्सरची निघाली नाही, हा माझा गुन्हा? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय : अंडाशयाची गाठ साधी निघाल्यामुळे नामंजूर झालेला खर्च

महोदय,
स. न. वि. वि.

ऑपरेशनच्या आधी तुमच्या खात्याने मदत मंजूर झाल्याचं पत्र मला दिलं होतं. परवा दुसरं आलं : ‘अंतिम निदान कर्करोग नसल्याने दावा नामंजूर.’ पैशाअभावी एकाही बाईचं ऑपरेशन अडणार नाही, असं सभागृहात तुम्हीच म्हणाला होतात. ऑपरेशन नाही अडलं, खरं आहे. बिल अडलं.

माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. पोट फुगायला लागलं तेव्हा गॅसच्या गोळ्या मिळाल्या. मग चार पायऱ्या चढले तरी धाप. सोनोग्राफीत अंडाशयात मोठी भरीव गाठ, पोटात पाणी, एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाभोवतीही पाणी. सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय असला की रक्तात तपासतात ते प्रथिन, पस्तिसाच्या आत हवं, माझं ७८०. एका शिकाऊ डॉक्टरने कॉरिडॉरमध्ये माझ्या मुलाला सांगितलं, ‘पुढची स्टेज दिसते.’ मी शेजारीच उभी होते.

धोका मोजायचं एक गणित असतं, आरएमआय. सोनोग्राफीचे ३, पाळी गेलेली असली की गुणिले ३, आणि पुन्हा गुणिले सीए-१२५. माझा आकडा ७०२०. दोनशेच्या वर गेलं की काळजीचं! रात्री उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचं, आडवं झालं की जीव घुसमटायचा. मी बँकेत वारस लावले, कपाटं रिकामी केली, नातवाशी बोलताना पुढच्या वर्षाचा विषय टाळू लागले. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कित्येक आठवडे आला नाही, कारण तिथली जागा रिकामी. ती भरायचं आश्वासनही तुमचंच. तेवढे दिवस मी घरात कॅन्सरची पेशंट म्हणूनच वावरले.

गाठ निघाली फायब्रोमा. साधी, तंतुमय. ती काढल्यावर पोटातलं आणि छातीतलं पाणी पुन्हा भरलंच नाही. याला मेग्ज सिंड्रोम म्हणतात. मेग्ज आणि कॅस या डॉक्टरांनी १९३७ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. अंडाशयाच्या गाठींत शंभरात चारेक फायब्रोमा असतात म्हणे, आकडा थोडा इकडेतिकडे धरा. त्यांतही असं पाणी होणाऱ्या फारच थोड्या.

डॉक्टरांनी शंका घेतली याबद्दल माझी तक्रार नाही, घ्यायलाच हवी होती. पोटाच्या आतलं अस्तर डिवचलं गेलं की सीए-१२५ चढतं. क्षयात, यकृताच्या आजारात, हृदय थकलं तरी चढतं. उलट पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये ते वाढतच नाही. अशा गाठीत सहसा सुईही घालत नाहीत, कॅन्सर असलाच तर पोटात सांडेल म्हणून. म्हणजे गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय खात्री होत नाही. हे सर्जनला कळतं, मला कळलं, तुमच्या दावा कक्षाला कळत नाही. त्यांना ऑपरेशनच्या आधीच ऑपरेशननंतरचं निदान हवंय. छातीतल्या पाण्यात कर्कपेशी नाहीत, हा रिपोर्ट आधीपासून फाइलमध्ये होता. तेवढ्यावरून कॅन्सर नाही असं ठरत नाही, मान्य. पण गाठ साधीही असू शकते, एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर?

मागण्या दोनच आहेत. कॅन्सरच्या सबळ संशयावरून केलेलं ऑपरेशन मंजूर धरा, गाठ पुढे काहीही निघो. आणि पॅथॉलॉजिस्ट नेमा. साधी गाठ निघाल्याबद्दल माफीनामा हवा असेल तर नमुना पाठवा, सही करते.

खरं तर पाळी गेली की बाई तुमच्या हिशेबातूनच जाते. तुमच्या खात्याच्या पोस्टरवर बघावं तिथे बाई गरोदर, नाहीतर कडेवर मूल. साठीतल्या बाईचं पोट फुगलं तर तिचं पोस्टर कुठे आहे? लोकसंख्येच्या तक्त्यात आम्ही आहोत, मतदार यादीत तर आहोतच, निवडणुकीच्या आधी घरी येऊन पाया पडता. योजनेच्या निकषांत मात्र आमच्यासाठी रकाना नाही.

उत्तर लेखी हवं. ‘आपला अर्ज योग्य कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ हे छापील वाक्य मात्र नको. मंत्र्यांना लिहा, असं मला संबंधित विभागानेच सांगितलंय.

आपली,
एक नामंजूर रुग्ण