दुवे तपासून देणाऱ्या ताईस

अमळनेर, जि. जळगाव

ताईस अनेक आशीर्वाद.

नाव घालू नका असं तू बजावलंस, म्हणून घालत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार. आपल्या भागातल्या आणखी दोन-तीन ग्रंथालयांनी मला विचारलंय की तुमची यादी तपासली कशी. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा तुला लिहिता लिहिता त्यांनाही सांगून होईल.

त्यांच्यासाठी थोडं मागचं. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात फुकट वाचता येणाऱ्या मराठी मजकुराची एक यादी वर्षानुवर्षं वाढत गेली. जुन्या मासिकांचे अंक, शोधनिबंध, बहिणाबाईंवरचे लेख, अहिराणी ओव्या, साने गुरुजी. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तर जो येईल तो दोन दुवे सुचवून जायचा. यादी काही हजारांवर गेली आणि पोरं म्हणायला लागली, सर, निम्मं उघडतच नाही.

दुवे तपासणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे पायथन या संगणक भाषेतला छोटा प्रोग्राम, आमच्याकडे होती. साधा फॉर लूप. एक पत्ता घ्यायचा, विचारायचा, उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू माहेरी आलीस आणि भर उन्हात ग्रंथालयात डोकावलीस. "काय करी राहिनात काका?" मी स्क्रीन दाखवली. सकाळपासून एकाच ओळीवर अडकली होती.

तू उपमा-बिपमा न देता कागदावर हिशेब मांडलास. समजा यादीत ४०० दुवे मेलेले आहेत आणि प्रत्येकासाठी ३० सेकंद वाट बघायची. ४०० गुणिले ३० म्हणजे १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटं, आणि ती सगळी मेलेल्यांच्या दारात उभं राहण्यात. त्यात आमच्या स्क्रिप्टमधली रिक्वेस्ट्स ही पत्ते विचारणारी तयार लायब्ररी आपणहून टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मर्यादा, लावतच नाही. सांगितलं नाही तर ती उभीच राहते. ती अडकली का होती ते तेव्हा कळलं.

तुझा उपाय होता स्क्रिप्ट असिंक्रोनस करण्याचा. असिंक्रोनस म्हणजे काय हे मला माझ्याच धंद्यातून समजलं. बंद कपाटांच्या ग्रंथालयात काउंटरवरचा माणूस एका वाचकाची चिठ्ठी आत पाठवली की पुस्तक बाहेर येईपर्यंत हात बांधून बसत नाही, पुढच्याची चिठ्ठी घेतो. काउंटरवर माणूस एकच. पायथनमधला इव्हेंट लूप तेच करतो. अवेट लिहिलं की ते काम म्हणतं, मी उत्तराची वाट बघतोय, तोवर दुसऱ्याचं बघा. हे सगळं चालवणारं असिंक-आयओ पायथनमध्ये २०१४ साली ३.४ आवृत्तीबरोबर आलं, असिंक आणि अवेट हे शब्द २०१५ मध्ये ३.५ बरोबर.

मी विचारलं होतं, मग शंभर थ्रेड, म्हणजे काउंटरवर शंभर माणसं, का नकोत? तू लगेच म्हणालीस, चालतील की, एवढ्या कामाला थ्रेडनेही भागलं असतं. हे मला फार आवडलं. आपल्या आवडत्या हत्याराची जाहिरात न करणारे लोक कमी असतात. तुझं कारण वेगळंच होतं. एकाच थ्रेडमध्ये, जिथे अवेट लिहिलंय तिथेच काम बदलतं, त्यामुळे निकालाची वही सगळ्यांनी एकदम हातात घेतली अशी भानगड होत नाही.

वेग तर पहिल्या धावेतच आला. एआयओएचटीटीपी ही असिंक्रोनस विनंत्यांची लायब्ररी घातली, एकच सेशन उघडलं, सगळी कामं एकदम चालवणाऱ्या गॅदरला दिली आणि यादी चहा संपायच्या आत संपली. खरे आभार त्याच्या पुढच्या भागाचे आहेत.

निकालात मेलेले दुवे भरमसाट निघाले. मी खूश होतो, चला, झाडून काढू. तू मात्र ती यादी होस्टप्रमाणे, म्हणजे दुवा ज्या संकेतस्थळाचा त्याप्रमाणे, लावलीस, आणि बहुतेक सगळे टाइमआउट दोन-तीन मोठ्या संग्रहांच्या नावावर दिसले. त्यातला एक ब्राउझरमध्ये उघडलास. क्षणात उघडला. मग कारण दाखवलंस, आणि हे इतर ग्रंथालयांनी नीट वाचावं. एआयओएचटीटीपी मुळात एकूण १०० कनेक्शन उघडू देतं, पण एका होस्टला किती यावर बंधन घालत नाही. तू भलेपणाने ते एका होस्टला २ असं केलं होतंस. एकूण टाइमआउट ३० सेकंदांचा. आता एकाच संग्रहाचे शेकडो दुवे एकदम सुटले तर दोन जातात, बाकीचे कनेक्शन मोकळं व्हायची वाट बघत बसतात, आणि त्या एकूण टाइमआउटचं घड्याळ या बसण्यापासूनच सुरू झालेलं असतं. म्हणजे विनंती बाहेर पडायच्या आधीच वेळ संपतो. तो सर्व्हर बिचारा उत्तर द्यायला तयार होता, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

उपाय चार ओळींचा निघाला. दर होस्टसाठी एक सेमाफोर, म्हणजे एका वेळी ठरावीक कामांनाच पुढे सोडणारा पहारेकरी. आधी सेमाफोरकडून आपला नंबर घ्यायचा आणि नंबर लागल्यावरच विनंती सोडायची, म्हणजे घड्याळ तेव्हापासून चालतं. विनंती झाल्यावर, सेमाफोर सोडायच्या आधी, असिंक-आयओची स्लीप वापरून थोडी विश्रांती. टाइम मॉड्यूलची नेहमीची स्लीप तिथे घातली तर अख्खा लूपच झोपतो, हे तू करून दाखवलंस. दुसऱ्या धावेत त्या संग्रहांचे जवळजवळ सगळे दुवे जिवंत निघाले. तू नसतीस तर ते मी पुसून टाकणार होतो, आणि त्यात जुन्या अंकांचे असे काही दुवे होते की पुन्हा शोधून सापडले नसते.

गॅदरला अपवाद, म्हणजे काम करताना आलेल्या चुका, हेसुद्धा निकाल म्हणून परत द्यायला सांगितलंस, तेही छान. २०२२ च्या पायथन ३.११ मधला, गॅदरसारखाच टास्कग्रुप नवा आणि चांगला, पण त्यात एक काम पडलं की बाकीची रद्द होतात. आपल्या यादीत पडणारे रोजचेच.

मेलेला म्हणजे काय, यावरही तू मला घाई करू दिली नाहीस. सर्व्हर प्रत्येक उत्तरात एक कोड देतो: २०० म्हणजे सगळं ठीक, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ४१० म्हणजे मुद्दाम काढून टाकलं, ४२९ म्हणजे तुम्ही फार विचारताय, दमानं घ्या. ४२९ बरोबर रिट्राय-आफ्टर हेडर आला तर तेवढं थांबायचं, नाही आला तर दरवेळी दुप्पट थांबायचं. आपण आधी हेड विनंती पाठवतो, म्हणजे मजकूर नको, फक्त स्थिती सांगा; काही सर्व्हर तिला ४०५, म्हणजे ही पद्धत चालत नाही, असं उत्तर देतात. तिथे गेट ही नेहमीची विनंती पाठवायची, पण मजकूर न ओढता स्थिती वाचून कनेक्शन सोडून द्यायचं. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे २०० देणारे मेलेले. ओव्यांच्या एका जुन्या पानाच्या जागी ऑनलाइन रमीची जाहिरात हसत उभी होती, कोड मात्र २००. डोमेन कोणीतरी विकत घेतलेलं. म्हणून आता २०० वाल्यांचं शीर्षकही वाचून आमच्या नोंदीशी ताडतो. जुळलं नाही की माणूस बघतो, म्हणजे मीच.

रोबॉट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे स्क्रिप्टांनी कुठे यावं न यावं हे संकेतस्थळ सांगतं ती फाइल, आधी वाचायची, हाही तुझाच हट्ट. मी म्हटलं, आपण काही उचलून नेत नाही, फक्त दार वाजवतोय. तू म्हणालीस, दार त्यांचं आहे. ही फाइल १९९४ पासून निव्वळ रिवाजावर चालली, २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात लिखित झाली. यूजर-एजंटमध्ये, म्हणजे विनंतीबरोबर जाणाऱ्या आपल्या ओळखीत, ग्रंथालयाचं नाव आणि ईमेल घातलंस. त्या ईमेलवर एका संकेतस्थळाच्या चालकांनी लिहिलं की आमचे पत्ते बदललेत, ही नवी यादी घ्या. एवढं काम कुठल्याच स्क्रिप्टने केलं नसतं.

वीज जाते हे तुला पुण्यात राहून आठवलं याचंही कौतुक. प्रत्येक निकाल लगेच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये उतरतो, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली तरी परत आल्यावर राहिलेल्यांपासून सुरू. पूर्वी पहिल्यापासून व्हायचं.

तू आखाजीचे झोके, सांजोऱ्या, माहेरपण सोडून दुपारच्या दुपारी आमच्या खडखडणाऱ्या कूलरसमोर बसलीस. तुझी माय मला अजून टोमणे मारते.

एक गोष्ट तुझ्यासाठी राखून ठेवलीय. काही दुव्यांचं सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळाच्या ओळखीचा दाखला, मुदतबाह्य झालंय. पान जिवंत आहे, पण आपली स्क्रिप्ट जोडणीच नाकारते आणि ब्राउझर पोरांना लाल इशारा दाखवतो. तपासणी बंद करून त्यांना जिवंत म्हणावं असं मला वाटत नाही, आणि काढून टाकवतही नाही. तूर्त वेगळ्या रकान्यात ठेवलेत. दिवाळीत येशील तेव्हा ठरवू, भरीत आणि कळण्याची भाकरी माझ्या घरी.

ग्रंथालयातला तुझा काका