हात धुवायला लावणारा डॉक्टर

संपादक साहेब, इतिहासातली वळणं म्हटलं की लढाया नि राजेच आठवतात, मला मात्र इग्नाझ सेमेलवाइस आठवतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलात बाळंतिणी तापाने पटापट जात होत्या, नि त्याही सुइणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात जास्त, कारण डॉक्टर आणि विद्यार्थी मढी चिरून थेट बाळंतपणाला यायचे, हाताला तो वास तसाच! ह्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरी बड्या डॉक्टरांना ते पटलं नाही. बिचारा १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला, अवघा ४७ वर्षांचा. फार वाईट वाटतं. शाळेच्या पुस्तकात ह्या माणसावर एक पूर्ण धडा हवाच.

- एक वाचक