बाळ्या, तुझी उडी ऑरलँडोत पोचली

प्रिय बाळ्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. गणपतीत फोन करतो म्हटलं आणि केला नाही, तुझा तो लांबडा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला पण उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच आहे, सुमीचा गुडघा बरा. झालं हेल्थ बुलेटिन.

आता मुद्द्याचं. आमची सई यावर्षी भूत झालीये. पम्याला सांगू नकोस, नाहीतर तो "अमेरिकेत नेऊन पोरीला भूत केलं" असं नाक्यावर करून ठेवेल. इथे ऑरलँडोत युनिव्हर्सल म्हणून पिक्चरवाल्यांचं पार्क आहे, तिथे हॅलोवीन हॉरर नाइट्स म्हणून असतं, त्यात ती लोकांना घाबरवायचं काम करते, ऑगस्टच्या शेवटी चालू होतं ते नोव्हेंबर उजाडेपर्यंत. शूटिंगच्या स्टुडिओत नाहीतर मोठमोठ्या तंबूत भुताची घरं उभारतात, यंदा, २०२५ ला, दहा आहेत. बाहेर दोन तास उभं राहायचं आणि आत तीन-चार मिनिटं चालायचं असा हिशोब, त्यात लोकांची रांग थांबतच नाही, पुढच्याच्या पाठीला चिकटून आपलं सरकत राहायचं, पंढरीच्या दर्शनबारीसारखं, फक्त शेवटी विठोबाच्या जागी मशीनची करवत घेतलेला माणूस. करवतीला साखळी नसते, आवाज आणि पेट्रोलचा वास तेवढा खरा. पण माहीत असून पळायला होतं.

सईने कुठल्या घरात आहे ते सांगितलंच नव्हतं. (आताही घराचं नाव लिहीत नाही, तिने शपथ घातलीये.) मी आणि सुमी गेलो, सुमी पहिल्या घरानंतर बाकड्यावर बसली ती उठलीच नाही, मग मी एकटा. एका घरात अरुंद बोळ होता, दोन्ही बाजूंनी ओलसर कापडं लोंबत होती, समोरच्या खिडकीत काहीतरी हलत होतं म्हणून सगळे तिकडे बघत होते. तेवढ्यात डावीकडच्या भिंतीतलं एक फळकूट खाली पडलं आणि आतून बुटकं, वाकलेलं काहीतरी बाहेर आलं. धावत नाही आलं रे. एक उडी, थांबलं. दुसरी उडी, थांबलं, मान वाकडी केली. आणि तिसरी थेट तोंडासमोर. मी "आई गं" करून पुढच्या माणसाचा टी-शर्ट धरला, सहा फुटी गडी, तो माझ्यापेक्षा जोरात ओरडला.

दुसऱ्या दिवशी पोहे खाताना कार्टी म्हणते, बाबा, तुम्ही मला नाही ओळखलंत ते जाऊ दे, पण ती उडीपण ओळखली नाहीत? म्हटलं कुठली उडी. तर म्हणते, बाळाकाकाची. शिमग्याची.

मी चमचा खालीच ठेवला. ती नऊ वर्षांची असताना आम्ही शिमग्याला आलो होतो ना, तू संकासुर झालेलास, काळे कपडे, ती उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं, आणि ती नानांच्या पडवीत खांबामागे लपलेली. तू दोन उड्या मारून थांबायचास आणि तिसरी कुणाकडे मारणार ते कळायचं नाही. ते सगळं त्या पोरीच्या डोक्यात राहिलं आणि आता ती फ्लोरिडात रोज रात्री गोऱ्यांना ते दाखवतेय. घुंगरं नाहीत एवढंच. हे मी इथे कुणाला सांगू? ऑफिसात सांगितलं तर "ओह, कूल" म्हणतील. म्हणून म्हटलं बाळ्यालाच लिहावं.

पण खरं त्यासाठी एवढं लिहीत नाहीये, खरं दुखणं पुढे आहे.

इथे या घरांचे दोन प्रकार. एक ब्रँडची, म्हणजे पिक्चर, सिरीज, गेम यांच्यावरची. यंदा जेसन आहे, टेरिफायर आहे, फॉलआउट आहे, फ्रेडीज म्हणून पोरांचा गेम आहे, आणि कुस्तीवाल्यांचं पण एक आहे, डब्ल्यूडब्ल्यूई. अशी पाच. उरलेली पाच ओरिजिनल, म्हणजे तिथल्याच लोकांनी स्वतः गोष्ट रचून केलेली. बाहुल्यांचं, स्पॅनिश चित्रकाराचं, उत्तरेकडच्या राक्षसांचं वगैरे. सई ओरिजिनलवाली. आणि नुसती कामापुरती नाही, तिला हेच करायचंय. कॉम्प्युटर सायन्स सोडून. सेट डिझाइन शिकायचं आणि पुढे अशी घरं रचायची, ती पण स्वतःच्या गोष्टींची. तिच्या वहीत आख्खे नकाशे आहेत, कुठे वळण, कुठे अंधार, कुठे लपायची जागा, भुताने कुठून यायचं आणि लोकांनी त्याच वेळी कुठे बघत असायचं. बघितल्यावर मला अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला, दोन्ही एकदमच.

तुला आठवतंय ना लॅबमधला आपला भूत बंगला? मी म्हणत होतो पांढरी साडी, मेणबत्ती, गुणगुणणारी बाई ठेवू, लोकांना माहितीये, पोस्टरवर काढलं की तिकीट खपेल. आणि तू अडून बसलास की काहीच दाखवायचं नाही, नुसता रहाटाचा आवाज आणि ओला दोरखंड पायाला लागला पाहिजे. शेवटी मधे पडदा टाकून अर्धं अर्धं केलं. शिर्के सर नक्की कुठल्या अर्ध्यात किंचाळले यावर आपलं आजपर्यंत एकमत नाही, आणि मी मरेपर्यंत सांगणार की माझ्या. तर तीच भांडणं आता घरात चालू आहेत, तुझी बाजू सई लढवते आणि मेली तुझ्यापेक्षा अभ्यास करून लढवते.

तिचं म्हणणं, हे चालू झालं तेच ओरिजिनलवर. १९९१ साली, पार्क उघडून जेमतेम वर्ष, ऑक्टोबरात तीन रात्री केलेलं, नाव होतं फ्राइट नाइट्स, आणि घर एकच, डंजन ऑफ टेरर, कुठल्याही पिक्चरचं नाही. पुढे २००० साली त्यांनी स्वतःचा एक जोकर काढला, जॅक नावाचा, तो एवढा चालला की अजून त्याचे टी-शर्ट खपतात. फ्रेडी क्रूगर, जेसन, चेनसॉवाला ही पिक्चरवाली मंडळी जोरात आली २००७ ला. आणि २०१३ ला तर म्हणे बाहेरचे सगळे रस्तेच्या रस्ते वॉकिंग डेड सिरीजच्या झॉम्बींनी भरून टाकले, जिथे जाल तिथे तेच, जुने लोक जाम वैतागले. तिकडे कॅलिफोर्नियात नॉट्स म्हणून पार्क आहे, ते १९७३ पासून हे करतायत, सगळ्यात जुने, आणि बहुतेक सगळं स्वतःचंच रचतात, मग ते कसे जगले, असा तिचा सवाल.

मी म्हटलं अगं पण रांग बघ ना. आम्ही गेलो त्या रात्री फ्रेडीजच्या पाटीवर १४० मिनिटं होती. ओरिजिनलला लोक कधी येतात, तर ब्रँडच्या रांगेला कंटाळून. तर म्हणते बाबा, रांग आत जाताना बघू नका, बाहेर येताना लोक कशाबद्दल बोलतायत ते ऐका.

हे मात्र खरंय हां. २०२२ ला एक ओरिजिनल घर होतं, डेड मॅन्स पिअर, मच्छीमारांचं गाव, बुडालेली माणसं परत आलेली. आत शिरल्या शिरल्या थंडगार हवा, धुकं, जेटी, होड्या, काळोखात लुकलुकणारे दिवे, आणि मला एकदम हर्णैची पहाटच आठवली, फक्त मासळीचा वास नव्हता. घाबरायचं विसरून मी बघत उभा राहिलो, मागचा ढकलत होता. लोक अजून त्या घराचं नाव काढतात. त्याच वर्षी ब्रँडचीही होती, त्यातलं मला काय आठवतं तर पॉप गाणाऱ्याच्या नावाचं एक घर होतं आणि आत गाणी जोरात होती.

पण बाळ्या, मला एक वेगळाच प्रश्न पडतो, तो सईला पटत नाही. जेसनच्या घरात लोक घाबरतात कारण मुखवटा दिसला की लहानपणीची व्हिडिओ कॅसेट आठवते, तो येणार, कसा येणार, सगळं माहीत असतं आणि त्याचीच वाट बघायची. मला जेसन लहानपणी कुठे होता? मला तो हॉकीचा मुखवटा घातलेला माणूस. म्हणजे माझ्यासाठी दहाच्या दहा घरं ओरिजिनलच की. आणि आपल्याकडे संकासुर बघ, तो तर सगळ्यात जुना ब्रँड. आत बाळ्या आहे, सकाळी टपरीवर चहा पीत होता, हे शेंबड्या पोराला पण माहीत, तरी सगळी बोंबलत पळायची आणि परत बघायला यायची. मग ओळखीचं भूत कमी घाबरवतं असं कुठेय? सई म्हणते फरक त्यात नाही. फरक असा की जेसन झालेल्या पोराला जेसनसारखंच चालावं लागतं, मुखवटा, सुरा, मान किती वळवायची, सगळं ज्याच्या मालकीचं त्याला मंजूर पाहिजे. तिला मात्र सांगितलं, तू इथे राहतेस आणि तुला भूक लागलीये, बाकीचं तू बघ. तर तिने तुझी उडी घेतली. जेसनला कुणी घेऊ दिली असती का?

यावर मला काही बोलता आलं नाही. पण म्हणून पोट भरतं का?

कारण सगळा वारा दुसरीकडे वाहतोय. मे महिन्यात इथे नवं पार्क उघडलं, एपिक युनिव्हर्स, त्यात हॅरी पॉटर, निन्टेंडो, ड्रॅगनवाला पिक्चर आणि जुने फ्रँकेन्स्टाइन-ड्रॅक्युला. सगळं नावावर चालणारं. ऑगस्टमध्ये लास वेगासला वर्षभर चालणारं भुताचं ठिकाण काढलंय, म्हणजे तिच्यासारख्यांना बारा महिने काम, मी खूश झालो. त्यात घरं चार, आणि चारातली तीन ब्रँडची. चौथं एक बुजगावण्याचं, जे इथेच २०१७ ला ओरिजिनल म्हणून केलेलं. सई म्हणते बघा, एक आहे ना. मी म्हणतो बघ, एकच आहे. आणि ओरिजिनल तरी कुठे दरवेळी नवं असतं, यतीचं, म्हणजे हिममानवाचं, घर २०१९ ला चाललं की २०२३ ला परत यती. म्हणजे चांगलं चाललं की त्याचाही पार्ट टू, तोही ब्रँडच झाला हळूहळू. हे म्हटलं की ती रागावते आणि वही घेऊन वर जाते. सुमी माझ्याकडे बघते, मी भांडी घासायला घेतो.

आता खरं सांगतो तुलाच का लिहिलं. तू नमनात, आपल्या कोकणातल्या त्या खेळात, स्वतःचा वग लिहिलेलास तेव्हाची गोष्ट. गण झाला, गवळण झाली, लोक खूश, आणि वग चालू झाला तसे मागचे उठायला लागले कारण त्यांना नेहमीचा पौराणिक हवा होता. पुढच्या वर्षी तीन गावांनी सुपारी दिली नाही, तू ड्रेपरीचं कर्ज फेडत बसलास, आणि नाना म्हणाले नेहमीचं केलं असतंस तर. तेव्हा मीपण तेच म्हणालो होतो आणि तू माझ्याशी गणपतीपर्यंत बोलला नव्हतास. पण तू लिहायचं सोडलं नाहीस. गेल्या वर्षी तुझा तो टोलनाक्याचा वग मंडळाने पाठवलेल्या व्हिडिओत बघितला, लोक शिट्ट्या मारत होते. मला हे कळत नाही की मधली वर्षं तू कशी काढलीस. म्हणजे पैशाचं माहितीये मला, ते सोड. समोरचे उठून जाताना दिसतात आणि तरी पुढचं वाक्य बोलायचं, ते कसं जमतं?

मी बाप म्हणून तिला काय सांगणार, मी तर सॉफ्टवेअरवाला, आयुष्यभर दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर भिंती बांधल्या. मी नाही म्हटलं तर ती ऐकणार नाही. हो म्हटलं आणि पाच वर्षांनी ती कुठल्या तरी ब्रँडच्या मुखवट्याला रंग देत बसली तर मला म्हणेल, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत. मधलं काहीतरी म्हणजे डिग्री पूर्ण कर आणि उन्हाळ्यात हा कोर्स कर, असं सुमीचं म्हणणं, ते बरोबरच असणार कारण सुमीचं नेहमीच असतं, पण सईच्या तोंडाकडे बघून ते बोलवत नाही.

तर तू बोल तिच्याशी. सोमवारी तिला सुट्टी असते, आमची सकाळ म्हणजे तुमची संध्याकाळ, तू दुकान बंद केलंस की लाव. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. उडीबद्दल विचार, मग ती आपोआप सगळं बोलेल. आणि नुसतं "कर गो बाय, मन सांगतं ते कर" असलं काही बोलू नकोस, कर्जाचं पण सांग. दोन्ही सांग. आणि मुखवटा घातल्यावर श्वास कसा सांभाळायचा तेही, तिला रात्री डोकं दुखतं म्हणते.

बाकी तुझं? मागच्या बाजूच्या कौलांचं काम झालं का, की पाऊस गेल्यावर बघू करत परत शिमगा आला? वहिनींची बदली चिपळूणला झाली म्हणे, पम्याने सांगितलं, बरं झालं, जाण्यायेण्याचे हाल संपले. ओंकारला बारावीचं फार डोक्यावर घेऊ देऊ नकोस. नानांना नमस्कार, त्यांना ऐकू येतं का नवीन मशीनने?

शिर्के सरांचा नंबर असेल तर पाठव. एकदाचं त्यांनाच विचारून टाकू.

तुझाच,
दिग्या