चार्जरच्या एनओसीआधी वायर तपासा

संपादक महोदय,

इलेक्ट्रिक गाड्यांची चर्चा रेंज आणि बॅटरीच्या किमतीभोवतीच फिरते. सोसायट्यांमध्ये मात्र घोडं अडतं ते पार्किंगमधल्या सॉकेटपाशी. ‘पंधरा अँपियरचा पॉइंट काढला की झालं’ असं सांगणारे वायरमन कमी नाहीत. गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो. गाडी तेवढाच करंट सलग आठ-नऊ तास ओढू शकते. सॉकेटमधला एक स्क्रू सैल राहून तिथे ०.१ ओहमचा रोध आला, तर १५ अँपियरला साडेबावीस वॅट उष्णता त्या एका ठिपक्यावर तयार होते. आधी प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग पिन काळी. सॉकेटला हात लावल्यावर चटका बसला, तर चार्जिंग तिथेच थांबवावं.

लाइन मीटर रूमपासून स्वतंत्र हवी, मध्ये जोड नको. ३.३ किलोवॉटच्या चार्जरला चार चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, ७.२ किलोवॉटला सहा आणि अंतर चाळीस मीटरच्या पुढे गेलं तर दहा. आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपियरची, पण किमान ‘ए’ टाइपची. घरात सर्रास लावलेली ‘एसी’ टाइपची डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची) गळती झाली की आंधळी होते, वीज तोडतच नाही.

सगळ्यात घातक जुगाड अर्थिंगचा. जुन्या इमारतीत अर्थिंग मेलेलं असतं, गाडी चार्जिंग घ्यायला नकार देते आणि कुणीतरी करंट परत नेणारी न्यूट्रल वायरच अर्थच्या पिनेला जोडून देतो. चार्जिंग सुरू होतं खरं. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटली, की गाडीच्या पत्र्यात २३० व्होल्ट.

समित्या घाबरतात ते लोडला. ४० गाड्या, प्रत्येकी ७.२ किलोवॉट, म्हणजे २८८ किलोवॉट. पण रोज चाळीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीला सहा-सात युनिटं लागतात, ३.३ किलोवॉटवर दोन-सव्वादोन तासांचं काम. रात्र पुरून उरते. तेव्हा एकेकाला एनओसी (ना-हरकत पत्र) देत ४० वायरी लोंबकळू देण्यापेक्षा ईव्ही दराचं वेगळं वीजजोड घ्यावं, पार्किंगभर एकच जाड केबल फिरवावी आणि करंट आपसांत वाटून घेणारे चार्जर बसवावेत. खर्च सुरुवातीला बोचेल, पण दहाव्या गाडीला पुन्हा भिंत फोडावी लागणार नाही.

पार्किंग तळघरात असेल, तर चार्जर आणि वायरचे सगळे जोड पावसाळ्यात पाणी चढल्याची जी खूण भिंतीवर आहे, तिच्या बरेच वर घ्यावेत.

आपला,
एक वाचक, ठाणे