मंत्रीसाहेब, पोरांना आकडे स्वतः गोळा करू द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. मी कॉलेजात झूलॉजी शिकवते. एनसीईआरटीने २०२३ ला दहावीतून उत्क्रांती काढली तेव्हा आपल्या स्टेट बोर्डाच्या पुस्तकात तो धडा होता, बरं वाटलं. पण तीच पोरं बीएस्सी-एमएस्सीला आली की उत्क्रांती वेगळी, प्राण्यांचं वर्तन वेगळं आणि बायोस्टॅट (जीवशास्त्रातलं स्टॅटिस्टिक्स) म्हणजे पुस्तकातले तयार आकडे, कॅल्क्युलेटरवर टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) काढा, जर्नल भरा, सही घ्या, संपलं. ते आकडे कुठल्या प्राण्याचे, मोजले कसे, कोणी विचारत नाही.

साधी गांधीलमाशी घ्या. बंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेत प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक राघवेंद्र गदगकरांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीच्या जातीवर आयुष्य घातलं. प्रत्येक माशीला रंगाचे ठिपके द्यायचे म्हणजे कोण कुठली ते कळतं, आणि मग पोळ्यासमोर बसून लिहीत राहायचं, खाणं कोण आणतं, दमदाटी कोण करतं. यातली राणी एकदम गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण तिला काढलं की कामकऱ्यांपैकी एकच माशी एकदम आक्रमक होते आणि राणी परत नाही आली तर पुढची राणी तीच!

पोरांना हे करायला लावलं की लगेच प्रश्न येतो, एकच माशी वीसदा बघितली तर त्या वीस माश्या धरायच्या का? एका पोळ्यातल्या तर बऱ्याचदा नात्यातल्याच, मग त्यांना स्वतंत्र कसं मानायचं? आणि स्टॅटिस्टिक्सला अडचण करणारं हेच नातं उत्क्रांतीत उत्तराचा मोठा भाग आहे, की कामकरी माशी दुसरीची पिल्लं का वाढवते. तिन्ही पेपर त्या एका पोळ्यात आहेत साहेब. उत्क्रांतीला गणिताची जोड देणारे जीवशास्त्रज्ञ जेबीएस हाल्डेनसुद्धा १९५७ ला इंग्लंड सोडून आले ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्येच.

खर्च म्हणाल तर रंग, ब्रश, वही, आणि आकडेमोडीचं आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. अडतंय ते शिक्षकांपाशी. सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकाला तासावर पैसे, तो सकाळी सातला पोरांना घेऊन पोळ्यापाशी बसला तर ते तास कुठे दाखवणार? आता पदवीच्या चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च आणलंय आपण, मग ते रिसर्च करून कोण घेणार?

म्हणून मागणी एवढीच, फील्डवरचे तास सीएचबीच्या मानधनात धरायचा जीआर काढा, रिकाम्या जागा भरा, आणि बायोस्टॅटच्या प्रॅक्टिकलला स्वतः गोळा केलेल्या डेटावर मार्क द्यायला विद्यापीठांना सांगा, जूनच्या आत.

आपली,
झूलॉजीची एक शिक्षिका